नाना शंकरशेट व त्यांची नाटकशाळा

ज्या पुरुषांचे नाव निघताच आपल्या ज्ञातीतील लहानथोरांस अभिमान वाटतो, त्यांत नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे स्थान पहिले आहे. त्यांनी शाळा काढल्या, रेल्वे आणविली, सरकारदरबारी एतद्देशीयांची बाजू मांडली, हे आपल्या घराघरांतील मुलांस ठाऊक असते. परंतु नानांचे एक दान असे आहे की, त्याचा एका ओळीत उल्लेख करून चरित्रकार पुढे जातात. ते दान म्हणजे ग्रँट रोडवरील नाटकगृहासाठी त्यांनी दिलेली जागा. ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने नानांच्या चरित्राकडे आम्ही त्या बाजूने पाहू इच्छितो; कारण त्यातून आपणांस आजही घेण्याजोगा धडा आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराण्याचे आडनाव मुरकुटे. मूळ ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. घरी पिढीजात व्यापार व सराफी, आणि पेढीचा लौकिक मोठा. तारुण्यातच पित्याचे छत्र हरपले आणि संपत्तीचा भार त्यांच्यावर पडला. अशा वयात हाती पैसा आला की माणूस एक तर उधळतो, नाही तर कवटाळून बसतो. नानांनी दोन्ही केले नाही. मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी १८२२ च्या सुमारास जी संस्था निघाली, तिच्या कामात ते उमेदीच्या वयातच पडले आणि पुढे चाळीस वर्षे त्यांनी शिक्षणाची पाठ सोडली नाही. १८४९ साली मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हा लोकनिंदेस न जुमानता त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. जागा देणे हा नानांच्या दानाचा विशेष होता, हे वाचकांनी येथेच ध्यानी घ्यावे.

१८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापिले. त्याचे सभासद असता १८४७ च्या सुमारास नानांचा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्याशी मोठा वाद झाला. उच्च शिक्षण केवळ इंग्रजीतूनच द्यावे, असा पेरीसाहेबांचा आग्रह. तर सामान्य जनांपर्यंत विद्या पोहोचावयाची असेल तर ती देशभाषेतूनच पोहोचेल, असे नानांचे म्हणणे. इंग्रजी राज्य भर मध्यान्ही असता साहेबासमोर मातृभाषेची बाजू लावून धरणे सोपे नव्हते. आमची सारी हयात मराठी शाळेत मुलांस शिकविण्यात गेली. तेव्हा नानांच्या ह्या धैर्याचे मोल आम्ही जाणतो.

आता नाटकगृहाकडे वळू. मुंबईच्या किल्ल्यात हल्लीच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, म्हणजे तेव्हाच्या बॉम्बे ग्रीनवर, १७७६ पासून इंग्रजांचे एक नाटकगृह होते. ते कर्जात बुडाले आणि १८३५ साली विकले गेले. पुढे नवे नाटकगृह बांधावे अशी नागरिकांची मागणी सुरू झाली. जागेचा प्रश्न पडला, तेव्हा नानांनी ग्रँट रोडवरील आपली जागा दिली. तेथे नाटकगृह उभे राहून फेब्रुवारी १८४६ मध्ये त्याचे दार उघडले. लोक त्यास शंकरशेटची नाटकशाळा असेही म्हणू लागले.

परंतु पुढे झाले काय? नाटकगृह बांधले गेले ते इंग्रजी खेळांसाठी, आणि प्रेक्षक अपेक्षिला तो मुख्यत्वे गोऱ्या लोकांचा. ग्रँट रोड हा त्या काळी किल्ल्यापासून लांब. गाड्याघोड्यांनी रात्री तेथवर येणे साहेबलोकांस गैरसोयीचे वाटू लागले. त्यांची गर्दी ओसरली. ज्यांच्यासाठी वास्तू उभारली तेच तिच्याकडे फिरकेनात. दान सत्पात्री पडले की वाया गेले, असा प्रश्न कोणासही पडावा अशी ती अवस्था होती.

ह्याच सुमारास दक्षिणेत एक वेगळी घटना घडत होती. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सीतास्वयंवराचा खेळ केला. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तेथून मानतो. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय सुटला. नटमंडळींच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरण्याचा मार्ग धरला व ते मुंबईस आले. आरंभी गिरगावाच्या बाजूस वाड्यांतून खेळ झाले. पण वाड्यात यजमानाच्या ओळखीचेच लोक यावयाचे. मार्च १८५३ मध्ये ही मंडळी ग्रँट रोडच्या नाटकगृहात गेली आणि तिकीट लावून तेथे मराठी खेळ झाला. पूर्वी राजाच्या मर्जीवर चालणारी कला आता प्रेक्षकाच्या चार आण्यांवर, आठ आण्यांवर जगण्याची वाट शोधू लागली. साहेबांस लांब पडणारे ते नाटकगृह देशी वस्तीस मात्र जवळचे होते. जो दोष तोच गुण ठरला!

त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. ती आणण्याच्या खटपटीत नाना अग्रेसर होते. आगगाडीचे वर्णन सर्वत्र आढळते. पण त्याच वर्षी त्यांनी दिलेल्या जागेवर मराठी भाषा रंगमंचावर चढली, ही गोष्ट आम्हांस आगगाडीहून कमी मोलाची वाटत नाही. बोर्डात ज्या भाषेसाठी नाना भांडले, तीच भाषा त्यांच्या नाटकशाळेत हजारोंच्या कानी पडू लागली.

ह्यापुढील हकीकत आणखी विचार करावयास लावणारी आहे. ऑक्टोबर १८५३ मध्ये पारशी मंडळींनी ह्याच रंगमंचावर आपला पहिला खेळ केला. नोव्हेंबरात भाव्यांच्या मंडळीने राजा गोपीचंदाचा खेळ हिंदुस्थानी भाषेत करून दाखविला. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, अशा तीन भाषांतील रंगभूमी एका वर्षात एका छताखाली पावले टाकू लागल्या. पुढे त्या भागात आणखी नाटकगृहे उठली. प्ले हाऊस ह्या शब्दाचा लोकांच्या तोंडी पिला हाउस झाला व ते नाव त्या वस्तीस चिकटले. मूळ वास्तू केव्हाच नाहीशी झाली, पण नाव उरले.

आता आम्हांस जे सांगावयाचे आहे ते हे. नाना आपल्या ज्ञातीचे भूषण खरेच. परंतु त्यांच्या जागेवर जे खेळले ते भावे चित्पावन, दुसरे खेळले ते पारशी, आणि पाहावयास आले ते अठरापगड लोक. ती जागा केवळ आपल्या लोकांसाठी राखली गेली असती, तर आज तिचे नाव कोणी घेतले नसते. दान दिल्या दिवशी पुरे होत नाही. त्याचे दार कोणासाठी उघडते त्यावर ते पुरे होते.

नाटकगृहाने समाजाचे ऋण फेडण्याची रीत आपल्याकडे पुढेही चालत आली. शाळेसाठी, रुग्णालयासाठी, दुष्काळपीडितांसाठी मदतीचे खेळ गावोगाव झाले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी नटश्रेष्ठांनी मुंबईत एकत्र येऊन मानापमान नाटक केले, ते तर सर्वश्रुतच आहे.

नानांस १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे अध्यक्षपद मिळाले, १८६२ साली कायदेकौन्सिलात स्थान मिळाले. ३१ जुलै १८६५ रोजी ते निवर्तले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. ही शिष्यवृत्तीही ज्ञात पाहून दिली जात नसे, गुण पाहून दिली जात असे.

आज अनेक ज्ञातिसंस्थांची स्वतःची सभागृहे आहेत. ती लग्नमुंजीस भाड्याने जातात, त्या उत्पन्नातून मुलांस वह्यापुस्तके व शिष्यवृत्त्या मिळतात. हे योग्यच आहे; भाड्यावाचून दिव्याचे बिलही भागत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मुहूर्त नसलेले किती दिवस ती सभागृहे कुलुपात असतात! आषाढ-श्रावणातील अशा काही तारखा आसपासच्या शाळांच्या नाटकांस, हौशी मंडळींच्या तालमींस, एखाद्या आजाऱ्याच्या मदतीच्या खेळास केवळ दिवाबत्तीच्या खर्चात का देऊ नयेत? आणि त्या देताना मागणाऱ्याचे आडनाव का विचारावे?

नानांच्या तसबिरीस आपण दरवर्षी हार घालतो. तो अवश्य घालावा. मात्र त्या दिवशी तसबीर ज्या सभागृहात आहे त्याचे दार शेजारच्या मुलांसाठीही उघडे ठेवावे, एवढीच आमची सर्व सभासद कुटुंबांस व कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.