केशवरावांचे दंतमंजन

केशव विष्णू पेंढारकर हे नाव ऐकून चेहरा डोळ्यांसमोर येईल, असे वाचक आज थोडेच असतील. पण वडिलांच्या नावावरून त्यांनी काढलेली विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी आद्याक्षरांनी विको झाली आणि तिच्या वज्रदंती मंजनाची डबी आपल्यापैकी बहुतेकांच्या मोरीतल्या फळीवर कधी ना कधी होतीच. माझे सारे आयुष्य मध्य रेल्वेच्या कडेने गेले. घाटकोपरच्या चाळीत बालपण, मुलुंडला बिऱ्हाड, आणि मधली बरीच वर्षे बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे तपासण्यात. त्यामुळे केशवरावांच्या चरित्राकडे मी नकळत प्रकरणाची फाइल उघडावी तसा पाहतो.

आणि फाइल म्हणून पाहिले तर ती अगदीच पडकी दिसते. अर्जदाराचे नागपूरला छोटे रेशन दुकान होते. त्यात भागेना, म्हणून ते कुटुंबासह मुंबईस आले. वांद्र्याला दुकान काढले, पुढे उपनगरांतून आणखी काही धंदे करून पाहिले आणि शेवटी परळला स्थिरावले. तारण ठेवायला काही नाही आणि वय तरुण म्हणावे असे नाही. अशा अर्जावर शाखाधिकारी चहा मागवतो, सहानुभूतीने ऐकतो आणि अर्ज ठेवून घेतो. शिवाय काळ 1952 चा. बँकांचे राष्ट्रीयीकरण व्हायला अजून सतरा वर्षे होती. स्वयंपाकघरात मंजन कुटणाऱ्याला दारात उभे करावे, अशी तेव्हाच्या बँकांची रीत नव्हती.

कारण कारखाना होता तो स्वयंपाकघरातच. परळची तीन खोल्यांची जागा हाच संसार, हेच कोठार आणि हीच कचेरी. आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेल्या मेहुण्यांची मदत होती. घरात वनस्पती कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या, भरायच्या, आणि मुलांना बरोबर घेऊन दारोदार जाऊन विकायच्या. नागपूरच्या दुकानात गिऱ्हाईक चालत येत असे. इथे जिने आपण चढायचे आणि दार दुसऱ्याने उघडायचे. चाळीतल्या बाईला दारात उभ्या उभ्या पटवणे किती कठीण असते, हे ज्याने ठेवी गोळा करण्यासाठी जिने चढले आहेत त्यालाच ठाऊक!

त्या बाईच्या घरात तेव्हा दात कशाने घासत? कुठे राखुंडी, कुठे कोळशाची पूड आणि मीठ, कुठे बाभळीची काडी. माकडछाप काळे मंजन होते. थोडे बरे चाललेल्या घरात कोलगेट, जी कंपनी 1937 पासून भारतात आहे. आणि कितीतरी बायकांच्या हातात मशेरी. आमच्या चाळीत सकाळी तंबाखू भाजल्याचा तो उग्र वास सुटला की कुणाकडे मशेरी चालली आहे ते न विचारता कळे. दात साफ करायचे म्हणून तोंडात तंबाखू फिरवायची आणि तिचे व्यसन लागायचे. तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आज पुरता सिद्ध झाला आहे. राखुंडी आणि कोळसा निदान प्राणावर उठत नाहीत, पण दाताचे कवच खरवडतात. ते कवच एकदा झिजले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. गंमत अशी की पांढरेपणासाठी जोरजोरात घासणाऱ्याचे दात अधिक पिवळे दिसू लागतात, कारण पातळ झालेल्या कवचाखालून आतला मूळचाच पिवळसर थर डोकावतो.

केशवरावांच्या मंजनात कोरांटीच्या कुळातली वज्रदंती, शिवाय बाभूळ, जांभूळ, बकुळ, लवंग, अक्कलकाढा अशी मंडळी. त्या यादीत खैर, पतंग आणि मंजिष्ठाही आहेत. ही तिन्ही नावे रंगाऱ्याच्या दुकानातली. खैराचा कात ओठ लाल करतो, पतंगाच्या लाकडाने आणि मंजिष्ठेच्या मुळीने कापड रंगवत. दात पांढरेशुभ्र करून दाखवायचे असते तर कुणी शहाणा माणूस या वाटेला गेला नसता. मला वाटते, त्यांच्या साऱ्या धंद्याची किल्ली इथे आहे. शेजारच्या दुकानांत विलायती क्रीम आणि अफगाण स्नो खपत असताना हा गृहस्थ तपकिरी पूड घेऊन हिरड्यांबद्दल बोलत होता. लोक दात पाहतात. हा दातांच्या मुळाशी गेला.

आता मुलुंड, बोरिवली, अंधेरी कुठेही जा, दंतवैद्याच्या पाटीवर दात शुभ्र करून मिळतील असे ठळक लिहिलेले असते. लग्नाची तारीख ठरली की हॉल, केटरर, मेंदी आणि त्यापाठोपाठ दात. मी याला नाके मुरडणार नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्याच्याच जातीचे कार्बामाइड पेरॉक्साइड जेलच्या रूपात दातांवर ठेवतात. त्यातून सुटणारा प्राणवायू कवचात झिरपून डागांचे रेणू फोडतो. खरवडणे त्यात नाही. जाणत्या हाती हे काम बऱ्यापैकी निर्धोक असते. मात्र काही दिवस गार पाण्याने शिणका येतात, जेल हिरडीला लागले तर भाजते, आणि आधी किडलेला दात भरून घेतला नसेल तर कळ थेट मेंदूत जाते. टोपी बसवलेला किंवा सिमेंटने भरलेला दात मुळीच रंग बदलत नाही, त्यामुळे तो पुढे एकटाच वेगळा उठून दिसतो. आणि चहा, पान, सिगारेट चालूच ठेवली तर रंग पुन्हा चढतो. युरोपात 0.1 टक्क्यांहून अधिक पेरॉक्साइड असलेले द्रव्य दंतवैद्याखेरीज कुणाला विकायचे नाही असा नियम आहे, आणि त्याची कमाल मर्यादा 6 टक्के. आपल्याकडे मात्र ब्यूटी पार्लरच्या खुर्चीतही हा उद्योग चालतो, तिथे मला चिंता वाटते.

हा सगळा शृंगारच, असे म्हणणाऱ्यांनी केशवरावांच्या विदर्भाकडे पाहावे. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या पक्क्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे येतात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला 1901 मध्ये असेच डाग दिसले, आणि त्यांचे कारण पाण्यातले फ्लोराइड आहे हे कळायला 1931 उजाडले. अशा गावातली मुलगी मुंबईस नोकरीला येते आणि मुलाखतीत तोंडावर हात ठेवून बोलते. तिचे सौम्य डाग दंतवैद्याने उजळले तर तो शृंगार म्हणायचा की उपचार?

हाच प्रश्न सरकारी कागदावर वज्रदंतीपुढे आला, पण तो पाहायला केशवराव नव्हते. 1971 मध्ये ते गेले. धंदा औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या त्यांच्या मुलाने, गजाननरावांनी, पुढे नेला. 1975 च्या सुमारास हळदीचे क्रीमही आले. मग उत्पादन शुल्क खाते म्हणू लागले की हे मंजन आणि हे क्रीम म्हणजे सौंदर्यप्रसाधने, तेव्हा कर त्या दराने भरा. कंपनी म्हणाली, ही आयुर्वेदिक औषधे. 1978 मध्ये ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला हा झगडा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कराच्या दरातला फरक मोठा होता. बँकेतल्या माणसाला त्या एका ओळीची किंमत लगेच कळते. कस लावला गेला तो दोन गोष्टींचा. वापरलेली द्रव्ये आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत का, आणि साधा माणूस ती वस्तू कशासाठी विकत घेतो?

साधा माणूस म्हणजे परळच्या जिन्यावर दार उघडणारी ती बाईच. तिने डबी घेतली होती हिरडीतून रक्त येते म्हणून, दाढ ठणकते म्हणून. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. डोंबिवलीला विकोचा कारखाना आहे आणि केशवरावांच्या नावाचे महाविद्यालयही. सकाळच्या लोकलने तिथे उतरणाऱ्या मुलामुलींना ते कोण होते हे ठाऊक असेलच असे नाही. दात मात्र त्यांनी घासलेले असतात.