नांगराचा फाळ आणि लक्ष्मणराव

बेळगावात किर्लोस्कर रोडवरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. तिथे एकेकाळी सायकलींचे दुकान असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले. जन्म २० जून १८६९, गाव गुर्लहोसूर.

मुंबईला ते चित्रकला शिकायला गेले. काही रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावी परतले. बंधू रामूअण्णांबरोबर दुकान होतेच; त्याला छोटा कारखाना जोडला. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर.

दोन्हींचा जीव धारेत. पाते बोथट असले तर कडबा तुटत नाही, चेंगरतो. नांगराची कथा अधिक कठीण. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, त्यामुळे दोन वर्षे गिऱ्हाईकच मिळाले नाही. अखेर नांगर विकले गेले, तर फाळ मऊ निघाले. मातीत भराभर झिजू लागले. कठीण फाळ तयार झाला तेव्हाच नांगर चालला. मला वाटते, लक्ष्मणरावांची खरी परीक्षा इथेच झाली.

कठीण करावे तर धातू ठिसूळ होतो, ही अडचण उद्यमबागेत काम करणाऱ्या आपल्या पालकांना रोजची आहे. साध्या कार्बन पोलादाचे हत्यार सुमारे २५० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत धार टिकवते, कार्बाइड त्याहूनही पुढे. मग सगळीकडे कार्बाइडच का नको? कारण घरातला छोटा लेथ हादरतो आणि कार्बाइडचा टवका उडतो. तिथे हायस्पीडच बरे. ग्राइंडरवर पुन्हा धारही लावता येते.

नव्या वस्तीसाठी बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळरान दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. १९४१ मध्ये हरिहरला कारखाना निघाला आणि तिथे लेथ बनू लागले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले.

पालकांना एक विनंती : झिजलेली, टवका उडालेली हत्यारे घरी असल्यास कापडात गुंडाळून शाळेच्या प्रयोगशाळेत द्यावीत. विज्ञान प्रदर्शनात ती नांगराच्या जुन्या फाळाशेजारी मांडू.