जो पॅट्रिक : लांकडाचे व्यापारी, बर्फाचे आश्रयदाते

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस बर्फ ठाऊक आहे तो सरबतांतला किंवा मासळीच्या पेट्यांतला. बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळावयाची हॉकी त्यांच्यापैकीं थोड्यांनींच पाहिली असेल. कॅनडा देशाच्या पूर्वभागीं ती घरोघरची आवड. पण पश्चिम किनाऱ्यावर तिला ज्यांच्या पैशानें घर मिळालें, त्या जोसेफ पॅट्रिक यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

पॅट्रिक हे मूळचे क्विबेक प्रांतांतले. लांकडाच्या व्यापारांत जम बसल्यावर १९०७ सालीं त्यांनीं ब्रिटिश कोलंबियांतील नेल्सन गांवीं बिऱ्हाड हलविलें आणि स्लोकन खोऱ्यांतील अरण्यांत तोडणीचा मोठा कारखाना घातला. लेस्टर व फ्रँक हे त्यांचे पुत्र नामांकित हॉकीपटू होते. लेस्टर ज्या माँट्रियलच्या संघांत होता त्यानें १९०६ सालीं मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला होता. तरी बापाच्या लांकडाच्या धंद्यांत दोघेही राबले.

१९११ च्या आरंभीं तो कारखाना विकला गेला व हातीं चार लाख डॉलरांवर रक्कम आली. कोणीही शहाणा मनुष्य एवढ्यावर स्वस्थ बसला असता. परंतु फ्रँकनें निराळीच गोष्ट काढली : व्हँकूव्हर व व्हिक्टोरिया या शहरांत क्रीडागृहें बांधावीं आणि स्वतःचे संघ उभारावे. लेस्टर कचरत होता, आणि तें उगीच नव्हे. तेथील हिवाळा पावसाळी व सौम्य. तळीं गोठावयाचीं नाहींत. जमिनीखालीं नळ्यांचें जाळें पसरून त्यांतून थंडगार खारें पाणी खेळवावें, तेव्हां वर बर्फ धरणार. कॅनडांत असें क्रीडागृह तोंवर एकही नव्हतें. वडिलांनीं फ्रँकच्या बाजूनें कौल दिला आणि जन्माची मिळकत पणास लावली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत व्हँकूव्हरचें डेन्मन क्रीडागृह उघडलें. आंत सुमारें १०,५०० प्रेक्षकांची सोय होती. व्हिक्टोरियाचें नाताळच्या दिवशीं खुलें झालें. ज्यांनीं जन्मांत कधीं बर्फावर पाऊल ठेविलें नव्हतें असे नागरिक तेथें धडपडत शिकले. २ जानेवारी १९१२ रोजीं तेथेंच संघांचा पहिला सामना झाला व यजमान व्हिक्टोरिया न्यू वेस्टमिन्स्टरकडून हरली !

हा निव्वळ दानधर्म होता असें आम्ही म्हणणार नाहीं. नफ्याची आशा होतीच. शिवाय अधिक वेतन देऊन पूर्वेकडील खेळाडू ओढून आणल्यामुळें तिकडील संघमालक चिडले. पण ज्यास केवळ नफाच हवा होता त्यानें लांकूड सोडून बर्फ धरला असता काय ?

१९१५ सालीं व्हँकूव्हरनें व १९२५ सालीं व्हिक्टोरियानें स्टॅन्ली चषक जिंकला. पुढें मात्र पूर्वेकडील धनाढ्य शहरांपुढें टिकाव लागेना, आणि १९२६ सालीं खेळाडू तिकडील संघांस विकावे लागले. व्हिक्टोरियाचें क्रीडागृह १९२९ सालीं व डेन्मन १९३६ सालीं आगींत भस्मसात् झालें. दोन्ही नष्ट झालेलीं पाहून १९४१ सालीं जो पॅट्रिक निवर्तले. त्यांच्या पुत्रांच्या स्पर्धेंत बर्फावर प्रथम ओढलेल्या निळ्या रेघा मात्र आजही प्रत्येक मैदानावर रंगविल्या जातात.