डॉ. जेरुशाबाई झिराड
केंब्रिजच्या रोझी इस्पितळात आपल्या लेकीसुना गरोदरपणी वेळच्या वेळी तपासून घेतात, तेव्हा आम्हांला जेरुशाबाईंची आठवण होते. लहानपणी मुंबईच्या कामा इस्पितळात बहीण बरी झालेली पाहून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले. १९१९ साली लंडनची एम.डी. मिळविली आणि १९२८ ते १९४७ तेच कामा इस्पितळ सांभाळले. मुंबईत बाळंतिणी का दगावतात, याची त्यांनी १९३७-३८ मध्ये पाहणी केली; अहवाल १९४१ साली निघाला. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रक्तक्षय किंवा वाढलेला रक्तदाब आधी कळला तर उपाय होतो. कळा सुरू झाल्यावर वेळ उरत नाही. म्हणून भगिनींनो, पहिली तपासणी लांबवू नका. जेरुशाबाईंचे खरे स्मरण तेच.