खिडकी उघडीच होती

समजा, तुमचं शहर युद्धात हरलंय. जिंकलेल्या राजाचे लोक हुशार, देखणी, चांगल्या घरची पोरं निवडतायत आणि त्यात तुमचा नंबर लागतो. तुम्हाला शेकडो मैल लांब, परक्या देशात नेतात. पण तिथे तुरुंग नाही. राजवाड्यात राहायची सोय, राजाच्या मुदपाकखान्यातलं जेवण, तीन वर्षांचं शिक्षण आणि नंतर थेट दरबारात नोकरी! बदल्यात एवढंच, की आपण कोण होतो ते हळूहळू विसरायचं.

बायबलमधल्या दानीएलची गोष्ट इथून सुरू होते. काळ साधारण इ.स.पू. 605. यरुशलेमवर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर चालून आला आणि दानीएल त्याच्या तीन मित्रांसह बाबेलला पोहोचला. तिथे पहिल्यांदा बदललं ते नाव. दानीएलचा बेल्टशस्सर झाला. त्याने नवं नाव चालवून घेतलं. भाषा शिकला, तिथली विद्याही शिकला. अडला तो फक्त ताटापाशी. राजाचं अन्न आणि द्राक्षारस घेतला तर आपण आपल्या देवापुढे अशुद्ध होऊ, असं त्याला वाटत होतं.

आता तो काय करतो बघा. ताट भिरकावत नाही, घोषणा देत नाही. देखरेख करणाऱ्या माणसाला शांतपणे विनंती करतो, की दहा दिवस आम्हाला नुसती भाजी आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे बघा आणि ठरवा. कारण पोरं वाळली तर त्या अधिकाऱ्याचंच डोकं उडणार होतं. दहा दिवसांनी ही चौघं इतरांपेक्षा जास्त तजेलदार दिसली. विषय संपला.

पुढे राजाला पडलेलं स्वप्न त्याने उलगडून सांगितलं आणि श्रेय स्वतः न घेता देवाला दिलं. त्याला मोठा हुद्दा मिळाला. राजे बदलत गेले. बेलशस्सर नावाच्या राजाने यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या पात्रांतून मेजवानीत दारू प्यायली, तेव्हा भिंतीवर उमटलेल्या अक्षरांचा अर्थ सांगायला दानीएललाच बोलावलं. त्याने बक्षीस नाकारलं आणि राजाला तोंडावर सांगून टाकलं, की तुझं राज्य संपलंय. त्याच रात्री राजा मारला गेला. इ.स.पू. 539 मध्ये बाबेल पारसी साम्राज्याच्या हातात गेलं.

आणि आता सिंहांची गुहा. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, निदान चित्र तरी पाहिलं असेल. मी पाहिलेल्या चित्रांत सिंहांच्या मधोमध एक पिळदार तरुण असायचा. रुबेन्सच्या प्रसिद्ध चित्रातही तो तरुणच आहे. पण हिशोब करा. बाबेलला येऊन साठहून जास्त वर्षं झालेली. म्हणजे गुहेत ढकललेला दानीएल ऐंशीच्या घरातला म्हातारा होता!

दारयावेश राजाला त्याला सगळ्या राज्यावर नेमायचं होतं. बाकीच्या अधिकाऱ्यांना ते खुपलं. त्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, पण एक पैशाचा घोटाळा सापडेना. मग त्यांनी त्याची श्रद्धाच पकडली. तीस दिवस राजाशिवाय कुणाकडेही, कुठल्याही देवाकडे मागणं मागायचं नाही, नाहीतर सिंहांपुढे, असा हुकूम राजाकडून सही करून घेतला. हा हुकूम राजालाही मागे घेता येत नव्हता.

दानीएलला हे कळलं. तो घरी गेला. माडीवरच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमच्या दिशेने उघड्या असायच्या. तिथे तो रोज तीनदा गुडघे टेकायचा. त्या दिवशीही टेकले.

मला इथेच थांबावंसं वाटतं. त्याला पळवाट होती ना! तीस दिवस खिडकी लावून घ्यायची, मनातल्या मनात प्रार्थना करायची. देवाला कळलं असतं, शत्रूंना नाही. पण मग भीती जिंकली असती. त्याने मुद्दाम दाखवायला खिडकी उघडली नाही, फक्त रोजची उघडी खिडकी बंद केली नाही.

राजाने सूर्यास्तापर्यंत त्याला सोडवायची धडपड केली, मग नाइलाजाने गुहेत टाकलं. रात्रभर राजा जेवला नाही, झोपला नाही. पहाटे धावत गेला तर दानीएल जिवंत, अंगावर ओरखडाही नाही.

सिंह गप्प बसले हा चमत्कार मानायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मला त्याआधीची साठ वर्षं जास्त भारी वाटतात. गुहेच्या तोंडाशी उभं राहून हिंमत गोळा करायला वेळच नसतो. ती त्याने कधीच जमवून ठेवली होती, आधी एका ताटापाशी आणि मग रोज तीन वेळा त्या खिडकीपाशी.

उद्या नोकरीत, नव्या शहरात तुम्हीही बरंच काही बदलाल. बदला की! त्यानेही नाव बदलू दिलंच. फक्त आपली खिडकी कोणती, हे आत्ताच माहीत असू द्या.