विश्लेषण : शिक्षकांचा पगार निकालावर ठरावा का? महात्मा फुले यांची १८८२ मधील भूमिका काय होती?

शिक्षकांचे मूल्यमापन कसे करावे आणि त्यांच्या पगाराची सांगड मुलांच्या निकालाशी घालावी का, हा वाद जुनाच. महात्मा जोतिराव फुले यांनी १४० वर्षांपूर्वी त्यावर सरकारपुढे आपले म्हणणे मांडले होते.

फुले यांचा अनुभव काय होता?

११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतिरावांनी सावित्रीबाईंसह १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत त्यांनी काही वर्षे स्वतः शिकवले. पुढे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. शाळा चालवणे, वर्गात शिकवणे आणि सरकारी कारभार या तिन्हींची त्यांना माहिती होती.

हंटर आयोगाला काय सांगितले?

ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित होते आणि त्यांचा पगार क्वचितच १० रुपयांवर जाई. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत किमान १५ ते २० रुपये द्यावेत, अशी फुले यांची मागणी होती. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले, नांगर धरायला न लाजणारे असावेत, असेही त्यांनी सुचवले.

मूल्यमापनाचे काय?

वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा उपयोग नाही; तपासणी दर तीन महिन्यांनी तरी व्हावी आणि अधूनमधून न कळवताही व्हावी, असे त्यांचे मत होते.

निकालानुसार पैसे का नकोत?

इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागले होते. ही पद्धत गरीब, अशिक्षित समाजाला लागू पडणार नाही, असे फुले यांनी बजावले. जिथे शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथे अशा भरवशावर शाळा काढणाऱ्या शिक्षकाचे पोट भरणार नाही, हे त्यांचे कारण. मात्र जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्या गावच्या शिक्षकाला पगाराशिवाय खास भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे निकालाचे बक्षीस पगारावर, पगाराच्या बदल्यात नव्हे.

पुढे काय झाले?

१२ वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी आयोगाने मानली नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. सहा ते १४ वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळायला २००९ साल उजाडले.

आज हे का महत्त्वाचे?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरच्या अनुदानित प्राथमिक शाळेत नव्याने लागणारा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. त्याचे मानधन २०२३ मध्ये ६ हजारांवरून १६ हजार रुपये झाले. मूल्यमापनाचे निकष ठरवताना फुले यांचा क्रम विसरता येणार नाही : आधी जगण्यापुरता पगार आणि प्रशिक्षण, मग कडक तपासणी, शेवटी बक्षीस.