शाहीर रामजोशी : डफाकडून कीर्तनाकडे

पेशवाईच्या उत्तरार्धात मराठी लावणीला पांडित्याचे तेज प्राप्त करून देणारे सोलापूरचे शाहीर रामजोशी यांचे जीवनचरित्र कीर्ती, अधःपतन आणि भक्तिमार्गाने झालेला उद्धार अशा तीन वळणांनी गेलेले आहे. १७६२ च्या सुमारास वेदशास्त्रांची परंपरा असलेल्या ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्येष्ठ बंधू मुद्गल जोशी हे विद्वान पुराणिक आणि कीर्तनकार म्हणून प्रतिष्ठा पावले होते. धाकट्या बंधूनेही पोथी हाती घ्यावी, अशी घरची अपेक्षा होती.

परंतु रामजोशींचे मन रमले ते तमाशाच्या फडात. सोलापुरात तेव्हा धोंडी शाहिराचा बोलबाला होता. रामजोशी त्याच्या फडासाठी लावण्या रचू लागले. शास्त्रीबोवांच्या घरातील मुलाने डफ-तुणतुण्याच्या संगतीत बसावे, ही गोष्ट त्या काळी कुलाला बट्टा लावणारी होती. बंधूंनी त्यांना घराबाहेर काढले.

या अपमानाचा परिणाम मात्र अनपेक्षित झाला. रामजोशी पंढरपूरला गेले आणि तेथे त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. पुढे मदालसाचंपू हा संस्कृत ग्रंथ रचण्याइतका अधिकार त्यांनी मिळविला. सोलापुरास परतल्यावर त्यांनी काही काळ कीर्तनेही केली. तरीही लावणीची ओढ सुटली नाही. बया नावाच्या गुणी कलावतीच्या साथीने त्यांचा तमाशा उभा राहिला आणि गावोगावी त्याची कीर्ती पसरली.

त्यांच्या लावणीचे वेगळेपण येथेच दिसते. संस्कृत समासांची दाटी, पदोपदी साधलेली यमके आणि डफाच्या ठेक्यावर न अडखळता धावणारी रचना हे अन्य शाहिरांना सहजसाध्य नव्हते. शृंगाराबरोबर त्यांनी ढोंगी साधूंवरही कोरडे ओढले. अनेक भाषांची सरमिसळ करून लावणी रचण्यातही त्यांचा हातखंडा होता. सोलापूर हा मराठी-कानडीच्या सीमेवरचा मुलूख असल्याने त्यांच्या लावणीत कानडी आली, यात नवल नाही. बिदागीही भरपूर मिळत होती. पण जे मिळाले ते टिकले नाही. चैन, व्यसने आणि सढळ हात यांपायी द्रव्य गेले, घर तर आधीच दुरावले होते.

आयुष्याला पुढचे वळण मिळाले ते बारामतीचे पंडितकवी मोरोपंत यांच्यामुळे. पंतांनी त्यांचे काव्यगुण हेरले आणि ही वाणी ईश्वराच्या गुणगानासाठी वापरण्याचा उपदेश केला. त्यानंतर रामजोशींनी डफ फोडून वीणा हाती घेतली, अशी आख्यायिका आहे. संगमनेरच्या अनंत फंदी यांच्याविषयीही अशीच कथा सांगतात. तेथे उपदेश करणाऱ्या अहिल्याबाई होळकर आहेत. त्यामुळे फुटलेल्या डफाचा तपशील अक्षरशः घेण्याचे कारण नाही. रामजोशी कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकप्रिय केल्या, हे महत्त्वाचे. पंतांची रचना विद्वानांना भावणारी, पण सामान्य श्रोत्यास कठीण. फडावर हजारोंची मने जिंकलेल्या गळ्यातून ती आली, तेव्हा ती घरोघरी पोहोचली.

अर्थात, हा बदल चरित्रकथांत रंगविला जातो तितका निर्भेळ नसावा. मोरोपंत १७९४ मध्ये निवर्तले. दुसरा बाजीराव गादीवर आला तो १७९६ मध्ये, आणि लावणीचे चाहते असलेल्या या पेशव्याच्या दरबारातही रामजोशींचा सन्मान झाल्याची परंपरा आहे. म्हणजे शाहीर आणि हरिदास ही दोन्ही नाती अखेरपर्यंत त्यांच्याजवळ राहिली असावीत. वैराग्यपर लावण्या लिहिणाऱ्या कवीच्या बाबतीत हे विसंगत वाटत नाही. उलट त्याच्या उपदेशाला अनुभवाची धार त्यातूनच आली.

१८१२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. १९४७ मध्ये राजकमल कलामंदिरच्या लोकशाहीर रामजोशी या चित्रपटाने त्यांचे नाव पुन्हा सर्वतोमुखी केले. त्यात जयराम शिलेदार यांनी रामजोशींची, तर हंसा वाडकर यांनी बयेची भूमिका साकारली होती.